दिल्ली : कोणत्या वारी, कोणत्या वेळी?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना दिल्लीच्या प्रवासाविषयीचे प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी अनेकांतील शंका सारख्याच असल्याने त्या एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. राजधानी म्हणून दिल्ली आपल्याला रोज वर्तमानपत्रातून भेटते, आणि बहुधा त्यामुळेच ती कित्येक शतके सलग नांदत आलेली एक वस्ती आहे, तिथल्या माणसांची खाण्याची, गाण्याची आणि जागण्याची स्वतःची रीत आहे, हे आपल्या लक्षातून निसटते. पुढील उत्तरे त्या नांदत्या दिल्लीविषयी आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून चार दिवसांसाठी दिल्लीला जाणार आहोत. सहल कंपनीच्या पत्रकात एकाच दिवसात लाल किल्ला, राजघाट, इंडिया गेट, कुतुबमिनार, कमळ मंदिर आणि अक्षरधाम अशी ठिकाणे दिली आहेत. स्वतःच हिंडायचे ठरवले, तर काय पाहावे आणि काय गाळावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : पत्रकातील यादी एका दिवसात पुरी होईलही; मात्र दिवसाचा मोठा भाग गाडीतच जाईल, कारण कुतुबमिनार आणि लाल किल्ला यांच्यातच वीसेक किलोमीटरचे अंतर आहे. आमचा सल्ला असा की, स्थळांची यादी करण्यापूर्वी कॅलेंडर समोर घ्यावे. दिल्लीत जवळपास प्रत्येक गोष्टीचा वार आणि प्रहर ठरलेला आहे आणि तो चुकला की दाराशी जाऊन परत यावे लागते. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि अक्षरधाम सोमवारी बंद असतात. चांदणी चौकातील बहुतेक दुकाने आणि खारी बावलीचा मसाल्याचा बाजार रविवारी बंद असतो. उलट जुन्या पुस्तकांचा बाजार केवळ रविवारीच भरतो. हा बाजार पूर्वी दर्यागंजच्या पदपथावर भरत असे. २०१९ पासून तो जवळच्याच महिला हाटच्या आवारात भरतो. जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून शुक्रवारची दुपार तिच्यासाठी ठेवू नये. निजामुद्दीनच्या दर्ग्यातील कव्वाली खऱ्या अर्थाने रंगते ती गुरुवारी संध्याकाळी. हे वार आधी मांडले की चार दिवसांचा आराखडा आपोआप तयार होतो.

दुसरी सूचना अशी की, एका दिवशी एकच दिल्ली पाहावी. येथे राजवटी बदलल्या, तशा राजधानीच्या जागाही बदलल्या. दक्षिणेला मेहरौली, तिच्या पूर्वेला तुघलकाबाद, मध्यभागी लोदींची थडगी आणि पुराना किला, उत्तरेला शाहजहानने वसवलेले शाहजहानाबाद, आणि या सर्वांच्या मधोमध इंग्रजांनी आखलेली नवी दिल्ली. यांतील प्रत्येक ठिकाण पायी हिंडण्याजोगे आहे, परंतु एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यात वेळ आणि उत्साह दोन्ही खर्च होतात.

आपण मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने जाणार असाल, तर उतराल ते हजरत निजामुद्दीन स्थानकावर, आणि तेथून हुमायूनचा मकबरा अगदी जवळ आहे. सामान निवासस्थानी ठेवून पहिला दिवस याच भागाला द्यावा, आणि तो दिवस गुरुवार ठरवता आला तर फारच उत्तम. सोळाव्या शतकातील हा मकबरा ताजमहालाचा पूर्वज मानला जातो. लाल वालुकाश्मातील ती भव्य वास्तू, चौकोनी आखणीची चारबाग आणि दुहेरी घुमट यांतून पुढे ताजमहालात काय होणार आहे याची चाहूल लागते. १८५७ च्या उठावात दिल्ली पडल्यानंतर शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी येथेच पकडले. आवाराजवळ २०२४ साली सुरू झालेले संग्रहालय आहे आणि शेजारी सुंदर नर्सरीचे विस्तीर्ण उद्यान आहे, जेथे दुपारची विश्रांती चांगली होते. संध्याकाळी रस्ता ओलांडला की दर्ग्याची वस्ती लागते.

काय गाळावे, या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्पष्टच देतो : चारच दिवस असतील, तर कमळ मंदिर आणि अक्षरधाम गाळावे. दोन्ही वास्तू सुंदर आहेत. पण त्या अलीकडच्या आहेत आणि रांगांमध्ये अर्धा दिवस जातो. त्याऐवजी तुघलकाबादच्या किल्ल्यावर एक सकाळ घालवावी. गियासुद्दीन तुघलकाने १३२१ च्या सुमारास बांधायला घेतलेला हा प्रचंड किल्ला आज बव्हंशी ओसाड आहे, आणि समोरच गियासुद्दीनची तिरप्या भिंतींची कबर आहे. याच गियासुद्दीनचा मुलगा महंमद याने १३२७ मध्ये राजधानी आपल्या देवगिरीला नेली आणि तिचे दौलताबाद केले. ज्यांनी दौलताबादचा किल्ला चढलेला आहे, त्यांना तुघलकाबादच्या तटावर उभे राहिल्यावर ही कथा कोठून सुरू झाली ते प्रत्यक्ष दिसते. दगडी वाटा खडबडीत आहेत. गुडघेदुखी असल्यास केवळ कबर पाहून परतावे.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर. हवा सुखद असते, रस्तोरस्ती सावरीची झाडे लाल फुलांनी बहरलेली असतात, आणि राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान याच काळात लोकांसाठी खुले होते. दुसरा चांगला काळ म्हणजे दसरा. दिवाळीनंतरच्या काही आठवड्यांत हवा इतकी दूषित होते की दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी तेव्हा दिल्लीचा प्रवास करूच नये. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या कित्येक तास उशिरा धावतात, तेव्हा परतीच्या दिवशी दुसरे कोणतेही महत्त्वाचे काम ठेवू नये.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी असून सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. जुन्या दिल्लीतील खाण्याची कीर्ती ऐकतो ती कबाब आणि कोरम्याची. आमच्यासारख्यांनी तिकडे जाण्यात काही अर्थ आहे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : अवश्य जावे, आणि सासूबाईंना घेऊन जावे. जुन्या दिल्लीचे मांसाहारी खाणे मुख्यतः जामा मशिदीच्या दक्षिण दरवाजासमोरील मटिया महल आणि लगतच्या गल्ल्यांमध्ये आहे. तेथून काही मिनिटांच्या अंतरावर असलेला चांदणी चौक हा जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांचा बाजार आहे, आणि तेथील खाणे तितकेच जुने, तितकेच अभिमानाने जपलेले आणि जवळजवळ संपूर्ण शाकाहारी आहे. कांदा-लसूण न घालता चव कशी आणावी, हे या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हिंग, सुंठ, आमचूर, मेथीदाणा आणि काळे मीठ यांवर येथील सगळी किमया चालते. तरीही प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्यावे. विचारल्याचे कोणालाही वाईट वाटत नाही.

मात्र येथेही प्रहर पाळावा लागतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पोचलात, तर बेडमी पुरी आणि नागोरी-हलवा मिळेल. बेडमी म्हणजे वाटलेल्या उडदाच्या डाळीचे मसालेदार सारण भरलेली खरपूस पुरी. तिच्याबरोबर बटाट्याची पातळ, हिंगाचा ठसका असलेली भाजी आणि मेथीची आंबटगोड चटणी देतात. नागोरी ही रव्याची छोटी, कडक, किंचित खारी पुरी असते. ती हातानेच फोडून तिच्यात गरम शिरा भरून खातात. खारे आणि गोड एकाच घासात घेण्याची ही रीत आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा वेगळी वाटते, पण दुसरी पुरी आपण होऊन मागितली जाते. अकरानंतर हे पदार्थ संपू लागतात.

थंडीच्या दिवसांत गेलात, तर सकाळीच ‘दौलत की चाट’ विकणाऱ्यांकडे लक्ष ठेवावे. हे नाव ऐकून कोणी चिंच-पुदिन्याची अपेक्षा करील, परंतु हा पदार्थ गोड आहे. दूध आणि साय थंडीत रात्रभर गार ठेवून पहाटे घुसळतात आणि वर येणारा फेस अलगद काढून परातीत रचतात. त्यावर केशर, खवा, पिठीसाखर आणि पिस्ते घालतात. तोंडात घातल्यावर चावावे असे काही उरतच नाही. ऊन वाढले की फेस बसतो, म्हणून विक्रेते दुपारपर्यंत परात रिकामी करून निघून जातात, आणि उन्हाळ्यात तर हा पदार्थ बनतच नाही. लखनौमध्ये त्याला निमिष किंवा मक्खन मलाई म्हणतात, तर बनारसमध्ये मलइयो. आमच्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात दिल्लीला जाण्याचे हे एकटेच कारण पुरेसे आहे.

दुपारी पराठेवाली गली पाहावी. येथील पराठा तव्यावर भाजत नाहीत. लोखंडी कढईत तुपात तळतात, आणि बरोबर लाल भोपळ्याची आंबटगोड भाजी, बटाट्याची भाजी व केळ्याची सुंठ घातलेली चटणी वाढतात. परंपरेने येथे कांदा-लसूण वापरत नाहीत. पराठे जड असतात; दोघांत दोन पुष्कळ झाले. याच भागात दही-भल्ले मिळतात. दरीबा या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या जिलबीच्या दुकानाची जिलबी आपल्या जिलबीपेक्षा बरीच जाड, तुपाने जड आणि गरमागरम असते. किनारी बाजारात ‘खुर्चन’ नावाची मिठाई विचारावी : दूध मंद आचेवर आटवताना कढईला धरणारे सायीचे थर खरवडून, पिठीसाखर पेरून ते एकावर एक रचतात. फतेहपुरीपाशी रबडी-फालुदा घेतला की समोरच खारी बावली सुरू होते. तेथे हळद, मिरची, सुकामेवा यांची पोती वाहणाऱ्या हमालांना वाट देत चालावे लागते आणि मिरचीच्या खाटाने डोळ्यांत पाणी येते. नाकाला रुमाल लावून का होईना, पण हा बाजार पाहाच.

सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळेत लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी आहे. सासूबाईंसाठी सायकलरिक्षा घ्यावी आणि भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. हा चौक शाहजहानची कन्या जहाँआरा हिने आखला. त्याच्या मध्यातून कालवा वाहत असे आणि एका तलावात चंद्रप्रकाश पडे, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. आज कालवा नाही, तलावही नाही, पण जैन लाल मंदिर, गौरीशंकर मंदिर, शीशगंज गुरुद्वारा आणि फतेहपुरी मशीद एकाच सरळ रेषेत अजून उभी आहेत. गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये सर्वांना शाकाहारी जेवण मिळते, याचीही नोंद घ्यावी.

प्रश्न : तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या आम्हा मित्रांना दिल्लीतले मांसाहारी जेवण मानवेल का? बटर चिकन सोडून दुसरे काय खावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मानवेल, परंतु तिखटाची अपेक्षा ठेवून जाऊ नये. जुन्या दिल्लीचा कोरमा आणि निहारी यांची जात वेगळी आहे; तेथे मिरचीपेक्षा गरम मसाल्याला आणि आचेच्या संयमाला महत्त्व आहे. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते आणि पहाटे खमिरी रोटीबरोबर खातात. वर आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची आणि लिंबू. काही दुकाने ती संध्याकाळी विकतात, पण खरी वेळ सकाळचीच, आणि नऊ-दहापर्यंत हंडे रिकामे होतात. विचारताना एक शब्दजोडी माहीत असावी : ‘छोटे का’ म्हणजे बकऱ्याचे आणि ‘बडे का’ म्हणजे म्हशीचे. आपणांस काय चालते ते आधीच सांगावे. बिर्याणी येथे किलोवर तोलून देतात. मशिदीजवळच्या गल्ली कबाबियानमध्ये १९१३ पासून चालत आलेले प्रसिद्ध उपाहारगृह आहे. तेथे अवश्य जावे, पण सगळे जेवण एकाच ठिकाणी न उरकता कबाब एका गाड्यावर, कोरमा दुसरीकडे आणि शेवटी शाही तुकडा तिसरीकडे असे हिंडत खावे.

बटर चिकनचा उल्लेख आपण केलाच आहे, तर तो पदार्थ शाहजहानाबादचा नव्हे, फाळणीनंतरच्या पंजाबी दिल्लीचा आहे, हे लक्षात घ्यावे. १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या आत होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. पश्चिम पंजाबातून घरदार गमावून आलेल्या माणसांनी आपला तंदूर आणि आपले छोले बरोबर आणले आणि काही वर्षांत शहराची चवच बदलली. आज ज्याला देशभर दिल्लीचे खाणे म्हणतात, ते बव्हंशी या निर्वासितांच्या कष्टातून उभे राहिले आहे. पहाडगंजातील छोले-भटुरे खाताना ही गोष्ट मनात असावी.

प्रश्न : दिल्लीत मराठ्यांच्या इतिहासाच्या खुणा कोठे पाहता येतील? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खुणा आहेत, पण पाट्या फारशा नाहीत, त्यामुळे इतिहास आपणच बरोबर न्यावा लागतो. सर्वांत बोलकी जागा म्हणजे लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खास. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा पानिपतकडे निघालेल्या सैन्याचा खर्च भागवण्यासाठी या दालनाच्या छताचा चांदीचा पत्रा उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. याच किल्ल्यात १७८८ साली गुलाम कादिर याने बादशहा शाहआलम याचे डोळे काढले, आणि महादजी शिंदे यांच्या फौजेने किल्ला जिंकून त्या अंध बादशहाला पुन्हा गादीवर बसवले. त्याआधी १७८४ मध्येच महादजींनी वकील-ए-मुतलक हे पद मिळवले होते, म्हणजे साम्राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला होता. अवघ्या अठ्ठावीस वर्षांत घडलेल्या या घटनांचा विचार त्या संगमरवरी खांबांच्या मध्ये उभे राहून करावा. छताकडे पाहताना आपली मान अभिमानाने वर होते आणि त्याच वेळी पानिपताच्या आठवणीने मन जड होते. लाल किल्ला पाहायला दोन तास पुरतात असे सांगतात. साताऱ्याहून जाणाऱ्याने अर्धा दिवस ठेवावा.

किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी असलेले गौरीशंकर मंदिर आपा गंगाधर या मराठा सरदाराने १७६१ मध्ये बांधले असे परंपरेने सांगतात. तालकटोरा भागात १७३७ साली थोरल्या बाजीरावांच्या फौजेची मोगल सैन्याशी गाठ पडली आणि बादशहाच्या राजधानीच्या वेशीवर मराठ्यांनी त्यांना मागे रेटले. आज तेथे उद्यान आणि बंदिस्त स्टेडियम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली याच तालकटोरा स्टेडियमवर झाले. दिल्लीतील त्याआधीचे संमेलन १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते.

या कथेचा शेवट यमुनेपलीकडे आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. तिचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानाच्या आत आहे, त्यामुळे तो सहजासहजी पाहता येत नाही. एवढ्या निर्णायक लढाईची जागा सामान्य माणसाला सुलभपणे पाहता यावी, अशी व्यवस्था व्हायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते. नव्या दिल्लीत फिरताना ‘शिवाजी ब्रिज’ आणि ‘तिलक ब्रिज’ ही लागोपाठची दोन रेल्वे स्थानके दिसतील. ती पूर्वीच्या मिंटो आणि हार्डिंग या पुलांची आजची नावे आहेत.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची असून कार्यालयीन कामासाठी एकटी दिल्लीत आठवडाभर राहणार आहे. दिवसा काम असल्याने मला शहर पाहायला मिळेल ते संध्याकाळनंतरच. रात्रीच्या दिल्लीत काय पाहावे, आणि एकट्या मुलीने किती वेळ बाहेर राहावे? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दिल्ली मेट्रो रात्री साधारण अकरापर्यंत चालते आणि तिच्या प्रवासाच्या दिशेने असलेला पहिला डबा केवळ महिलांसाठी राखीव असतो. मेट्रोच्या शेवटच्या गाडीच्या आत परतायचे, हा नियम एकटीने फिरताना सोयीचा आहे. त्यानंतर थांबायचे असल्यास परतीची गाडी आधी ठरवून ठेवावी, ती ॲपवरूनच मागवावी आणि प्रवासाचा तपशील कोणा परिचितांना पाठवावा. निवासस्थान मेट्रो स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर असेल असेच निवडावे. दिल्लीचे रुंद रस्ते रात्री ओस पडतात आणि अर्धा किलोमीटरही लांब वाटतो. पुण्यामुंबईत ज्या सहजतेने आपण रात्री चालत घरी येतो, ती सहजता येथे गृहीत धरू नये.

आता काय पाहावे ते. रात्रीचे जीवन म्हटले की पहिल्यांदा मद्यालयांचा विचार होतो. ती कॅनॉट प्लेस, हौज खास, ग्रेटर कैलाश अशा भागांत भरपूर आहेत. दिल्लीत मद्यपानाचे कायदेशीर वय पंचवीस आहे, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे. हौज खासला जायचेच, तर सूर्यास्तापूर्वी जावे : अलाउद्दीन खिलजीच्या काळातील तलाव, त्याच्या काठावर फिरोजशहा तुघलकाने बांधलेला मदरसा आणि त्याची कबर हे सर्व दिवे लागण्याआधी बंद होते, आणि ते न पाहता केवळ शेजारच्या उपाहारगृहांत बसून परतणे ही त्या जागेशी प्रतारणाच म्हणावी लागेल. तथापि आमच्या मते दिल्लीची खरी रात्र दुसरीकडे आहे.

ती आहे मंडी हाऊसच्या चौकात. राष्ट्रीय नाट्य विद्यालय, श्रीराम सेंटर, कमानी सभागृह, त्रिवेणी कला संगम, संगीत नाटक अकादमी हे सर्व एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हिवाळ्यात जवळजवळ रोज नाटक, नृत्य किंवा गायन असते, तिकिटे माफक असतात आणि पुष्कळ कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असतो. खेळ संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होतात, त्यामुळे मेट्रोची वेळही साधते. आपण पुण्याच्या आहात म्हणून सांगावेसे वाटते की, या विद्यालयाला ज्यांनी घडवले ते इब्राहिम अल्काझी यांचा जन्म पुण्याचा. फिरोजशहा कोटला आणि पुराना किला यांच्या भग्नावशेषांत त्यांनी केलेल्या प्रयोगांनी भारतीय रंगभूमीला मोठ्या अवकाशाची जाणीव दिली. इंडिया हॅबिटाट सेंटर आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटर येथील व्याख्याने, चित्रपट व मैफली यांची माहितीही आधी पाहून ठेवावी.

गुरुवार मात्र निजामुद्दीनसाठी राखावा. हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शिष्य अमीर खुसरो हे दोघेही १३२५ मध्ये निवर्तले आणि दोघांच्याही कबरी एकाच आवारात आहेत. आधी खुसरोंना आणि मग औलियांना सलाम करण्याची प्रथा आहे. सूर्यास्तानंतरच्या, म्हणजे मगरिबच्या नमाजानंतर अंगणात कव्वाल बसतात आणि त्यांच्यासमोर ज्याला जेथे जागा मिळेल तेथे माणसे बसतात. हा रंगमंचावरचा कार्यक्रम नसून उपासनेचा भाग आहे. म्हणून डोके झाकावे, कव्वालांच्या आणि मजारीच्या, म्हणजे कबरीच्या, मध्ये उभे राहून चित्रण करू नये आणि ऐकताना गप्पा मारू नयेत. स्त्रियांना मजारीच्या गाभाऱ्यात प्रवेश नाही, त्या जाळीबाहेर बसतात. आम्हाला ही प्रथा बदलायला हवी असे वाटते, परंतु जाण्यापूर्वी ती माहीत असलेली बरी. गल्लीतून आत जाताना चप्पल ठेवण्यासाठी आणि फुले घेण्यासाठी दुकानदार आग्रह करतात. आत देणगीची वही पुढे केली जाते. आपल्या इच्छेप्रमाणे द्यावे किंवा नम्रपणे नाही म्हणावे. वसंत पंचमीच्या सुमारास आपण तेथे असाल, तर पिवळी वस्त्रे आणि मोहरीची फुले घेऊन दर्ग्यात साजरा होणारा बसंत चुकवू नये.

एवढी गर्दी नको असेल, तर याच वस्तीत हजरत इनायत खान यांचा शांत, स्वच्छ दर्गा आहे आणि तेथे शुक्रवारी संध्याकाळी कव्वाली होते. या सूफी गायकाचा जन्म बडोद्याचा. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा सुरू केली आणि त्याच घरात इनायत खान वाढले. एकटीने जाणाऱ्या स्त्रीला हे ठिकाण अधिक मोकळेपणाचे वाटेल.

आपला आठवडा रमजानात येत असेल, तर मटिया महल सेहरीपर्यंत, म्हणजे उपवासापूर्वीच्या पहाटेच्या जेवणापर्यंत, जागा असतो. तेथे मात्र दोघी-तिघींनी मिळून जावे, कारण गर्दीत पाऊल ठेवायला जागा नसते. आणि नवरात्रात येत असेल, तर लाल किल्ल्यासमोरील मैदानावरच्या रामलीलांपैकी एखादी पाहावी. सहकुटुंब आलेल्या दिल्लीकरांबरोबर खुर्चीवर बसून, मध्येच उठून चाट खाऊन येत, रात्री उशिरापर्यंत कथा पाहायची अशी तिची रीत आहे. श्रीराम भारतीय कला केंद्राची नृत्यनाट्यरूपातील रामलीला १९५७ पासून होत आली आहे आणि ती अधिक नेटकी, वेळेत संपणारी आहे.

प्रश्न : दिल्लीत प्रवाशांची फसवणूक होते असे ऐकतो. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नवी दिल्ली स्थानकाबाहेर कोणी सभ्य माणूस आपले तिकीट पाहून ‘गाडी रद्द झाली आहे’ किंवा ‘शिक्का घ्यावा लागेल’ असे सांगून जवळच्या ‘पर्यटन कार्यालयात’ नेऊ लागला, तर त्याच्याशी बोलत थांबू नये; गाडीची चौकशी स्थानकातील अधिकृत खिडकीवर किंवा रेल्वेच्या ॲपवरच करावी. विमानतळावरून शहरात येण्यासाठी नारिंगी रंगाची मेट्रो सर्वांत खात्रीची आहे. ती तिसऱ्या टर्मिनलवरून नवी दिल्ली स्थानकापर्यंत सुमारे वीस मिनिटांत पोचवते. रिक्षावाला ‘हॉटेल बंद पडले आहे, दुसरे दाखवतो’ म्हणू लागला, तर हॉटेलला स्वतः दूरध्वनी करून खात्री करून घ्यावी. जुन्या दिल्लीत प्रथमच जाणाऱ्यांनी इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या दिल्ली शाखेच्या शनिवार-रविवारच्या वारसा फेऱ्यांची चौकशी करावी. गल्ल्यांची ओळख जाणकार माणसाबरोबर झाली की दुसऱ्या दिवशी आपण एकटेही निर्धास्तपणे हिंडू शकतो.